हलू नका!

तुमच्या सोसायटीतले झूमकाका कुठल्या विंगमध्ये राहतात? आमचे 'ए'मध्ये, चौथ्या मजल्यावर. बँकेतून निवृत्त होईपर्यंत कोंबडी सोडून दुसऱ्या पक्ष्यात त्यांनी रस घेतल्याचं कोणाला आठवत नाही. मग मुलाने निकॉनचा पी-१००० पाठवला. सव्वाशे पट झूम, वजन जवळजवळ दीड किलो. तेव्हापासून मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कोणाला मनासारखं हलता येत नाही.

"हलू नका!" हे वाक्य आता त्यांच्याकडे नमस्काराच्या जागी असतं. दूधवाला जिन्यात एक पाय वरच्या पायरीवर ठेवून थिजलेला दिसला की समजावं, ग्रिलवर दयाळ बसलाय. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी ओली चादर दोन्ही हातांत धरून पुतळा झाल्या की शिंजीर त्यांच्या जास्वंदीत शिरलाय. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत चार माणसं. मेकॅनिक दाराला पहार लावणार, तोच कठड्यावरून कुजबुज आली, "हलू नका!" बाहेर पिंपळावर हळद्या उतरला होता. आत अडकलेल्यांपैकी एकाने विचारलं, "नर की मादी?"

रोग असा पसरतो.

एवढ्या शिस्तीत सगळी सोसायटी गोठल्यावर हलणारी गोष्ट एकच उरते, काकांचा हात. सव्वाशे पट झूम केलं की हात कणभर कापला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो. त्यामुळे काकांच्या संग्रहात मुंबईतल्या फांद्यांचं दर्जेदार दर्शन घडतं. सकाळी सहाच्या आत ग्रुपवर फोटो येतो: 'ही पिंपळाची फांदी. भारद्वाज आत्ता इथेच होता.' खाली अकरा जणांचे अंगठे.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ची, रामसर यादीत ती खाडी आली २०२२ साली. हे मला भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर, भर थंडीत, पहाटे ऐकवण्यात आलं. ओहोटीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून शांतपणे चरत होता. काकांनी कॅमेरा उचलला आणि सवयीने, पण जरा मोठ्यानेच, त्यांनाही बजावलं. अख्खा थवा उडाला. फोटोत चिखल सुंदर आला आहे.

बी विंगने मध्यंतरी तक्रार केली की लेन्स आपल्या खिडक्यांकडे वळते. कमिटीने ठराव केला, 'लेन्स आकाशाकडे ठेवावी.' काका महिनाभर घारी टिपत बसले. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. काका तो पार्किंगमध्ये प्रदर्शन भरवून साजरा करतात. त्या आठवड्यात गाड्यांनाही हलायची परवानगी नसते.

आता एक गोष्ट नाइलाजाने सांगावी लागते. गेल्या उन्हाळ्यात दिवसभर कुठूनतरी टुक-टुक चालू असायची. 'रविवारी टाइल्स फोडू नयेत' अशी नोटीस कमिटीने एका निरपराध घराला दिली. काकांनी सगळ्यांना पार्किंगमागच्या शेवग्याखाली नेलं. टुक-टुक तांबटाची होती. वठलेल्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक, आणि त्यातून बाहेर आलेलं लालभडक कपाळ. काका काही बोललेच नाहीत, तरी कोणी हललं नाही. तो फोटो मात्र असा आलाय की तांबटाच्या चोचीभोवतीचे केस मोजून घ्यावेत. कावळा आणि कबुतर एवढ्यावर भागवणारी आमची पोरं आता शाळेला जाताना त्या भोकाकडे बघून जातात. मीही बघतो. काकांना हे सांगितलेलं नाही, सांगितलं तर ते पुन्हा पहाटे भांडुपला नेतील.

सोसायटी आता पुनर्विकासाला निघाली आहे. परवाच्या सभेत बिल्डरच्या माणसाने गुळगुळीत ब्रोशर वाटलं. तेवीस मजले, पोडियम पार्किंग, टेरेस गार्डन, आणि गार्डनच्या कठड्यावर एक निळा-पिवळा पक्षी. सगळे कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाड्यावर तुटून पडले. शेवटी काका उठले.

"यात शेवगा कुठे आहे?"

"सर, फुल लँडस्केपिंग आहे."

"आणि हा मकाव आहे, दक्षिण अमेरिकेतला. इथे तांबट असतो."

"काका, कार्पेटवर बोला," अध्यक्ष म्हणाले.

बिल्डरच्या माणसाने मात्र वहीत नोंद केली. "नो प्रॉब्लेम, सर. फायनल ब्रोशरमध्ये तांबट टाकतो. त्याचा एक्स्ट्रा चार्ज नाही."