छापण्याआधीचा वाचक

लिहिताना माझ्यासमोर जो वाचक बसलेला असतो, तो फार गुणी आहे. शब्द न् शब्द तोलून वाचतो, विनोद कुठे आहे ते त्याला सांगावं लागत नाही. बहुधा पुण्यात राहतो आणि त्याला दुसरा कामधंदा नाही. लेख छापून आला की हा गृहस्थ परागंदा होतो आणि त्याच्या जागी आमच्या अंथुर्णे गावातले खरे वाचक येतात.

त्यांचाही इलाज नाही. दिवाळी अंक यायला आणि उसाला तोड लागायला एकच गाठ पडते. टोळी फडात शिरलेली, ट्रॉली कारखान्यावर कधी खाली होते याचा घोर. अशा वेळी माझा ललित निबंध कोण उघडणार? तरी शेजारच्या आबांनी उघडला. "फोटू बरा आलाय," म्हणाले. आणखी काही येईल म्हणून मी घुटमळलो. "लिवलंयस बी लांबलचक!" हे कौतुक की तक्रार, याचा निकाल अजून लागलेला नाही. छापण्याआधी वाचकाचं मत लेखकाला तोंडपाठ असतं. छापल्यावर ते चहा पाजून काढून घ्यावं लागतं.

आमच्या शेजारच्या बारामतीत मोरोपंतांना हा घोर नसावा. अठराव्या शतकात बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून त्यांनी 108 रामायणं रचली म्हणतात. गोष्ट एकच, शेवट सगळ्यांना ठाऊक. त्यातलं एक तर निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं. श्रोता कंटाळेल ही शंका या माणसाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसेल. पन्नासावं रामायण ऐकायला बसलेल्या बारामतीकराबद्दल मात्र मला मनापासून जिव्हाळा वाटतो.

तुकोबांचं सगळंच उलटं. आमचं आधी छापून येतं, मग आम्ही वाचक हुडकत हिंडतो. त्यांच्याकडे ऐकणारे आधी आले, पाठ करणारे आले, अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे आले. तुकोबा गेले 1650 साली. मुंबई सरकारच्या खर्चाने इंदुप्रकाश छापखान्यात गाथा छापायला सुरुवात झाली ती थेट 1869 मध्ये. तोवर ती महाराष्ट्रभर पाठ होती. कडक टीकाकार रामेश्वर भट्ट, तोही पुढे शिष्य झाला. माझ्या टीकाकारांत तशी चिन्हं दिसत नाहीत. शिवाय तुकोबांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात स्वतःचं नाव गुंफलेलं, म्हणजे जागेअभावी लेखकाचं नाव गाळायची संपादकाला सोयच नाही!

आषाढी वारीत बेलवाडीचं गोल रिंगण आटोपून तुकोबांची पालखी ज्या वर्षी आमच्याकडे मुक्कामाला असते, त्या वर्षी त्यांचे हे पाठ करणारे वाचक घराघरांत उतरतात. एकदा आमच्या ओसरीवर नांदेडकडची एक म्हातारी मावशी गरम पाण्यात पाय सोडून बसली होती आणि अभंग म्हणत होती. मीही गाथा उघडून तिच्यामागून म्हणू लागलो. एका चरणावर तिने हात वर केला.

"त्यो शबूद तसा न्हाई, बाबा."

मी पुस्तक पुढे केलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते ओल्या हाताने अलगद बाजूला सारलं. "छापनाऱ्यानं चुकवलं आसंल. माझी आजी म्हनायची ते खरं."

देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या जुन्या वह्या लावून गाथेची ती सरकारी आवृत्ती कशी सिद्ध झाली, पाठभेद म्हणजे काय, हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं. पण तिने तो चरण आजीच्या पाठाप्रमाणे माझ्याकडून घोकूनच घेतला. मग आतून भाकरी घेऊन आलेल्या आईला विचारलं, "ह्यो काय करतो?"

"लिहितो," आई म्हणाली, जरा अपराध्यासारखी.

"आसू द्या," मावशी म्हणाली आणि भाकरी मोडली. "शिकंल हळूहळू."