किती लागतात?

माझ्या आईचा प्रश्न साधा असतो. अमेरिकेत एडिसनला आमचा शनिवार उजाडतो तेव्हा सांगलीत संध्याकाळ झालेली असते. दिवाबत्ती करून ती व्हिडिओ कॉलवर येते, अर्धं कपाळ आणि अख्खा पंखा दाखवते आणि विचारते, "मग? तिकडं इंजिनिअरिंगला किती लागतात?"

लागतात म्हणजे मार्क. १९९४ साली मला लागले होते. बारावीला पीसीएममध्ये ३०० पैकी २८१. या एका आकड्यावर माझं कॉलेज, होस्टेल आणि पुढं सांगून आलेली स्थळं ठरली. तू माणूस कसा आहेस, असं कुणी विचारलं नाही. बरंच झालं, कारण ते मलाही माहीत नव्हतं. भिंतीवर यादी लागायची, वरून खाली बोट फिरवायचं, नाव सापडलं की पेढे.

लेकीची वेळ आली तेव्हा मी एक्सेल उघडलं. डावीकडे सतरा कॉलेजं, वर अटी, शेवटी बेरीज. वीस वर्षं याच विद्येवर पोट भरतोय, त्यामुळे फुशारकी होती. पहिल्याच रकान्यात गाडी रुतली. एमआयटी आणि जॉर्जिया टेक म्हणतात, एसएटीसारखी परीक्षा दिल्याशिवाय येऊ नका. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं म्हणतात, १६०० पैकी १६०० आणलेत तरी आम्ही बघणार नाही. मधली बरीचशी म्हणतात, वाटलं तर पाठवा. हे पत्रिकेवरच्या 'कृपया आहेर आणू नये'सारखं झालं. खरंच आणू नये का, हे विचारायला महाराष्ट्र मंडळातल्या तिघांना फोन केले. तिघांनीही 'छे छे, काही गरज नाही' म्हटलं, आणि तिघांचीही मुलं आहेर घेऊन गेली होती.

कॅलिफोर्नियाची ओळ तर मी तीनदा पुसली. तिथं शाळेत वर्षभराचे पंधरा विषय झालेले लागतात, आणि त्यांत एक वर्ष कलेचं. इंजिनिअर व्हायचं असलं तरी! मी खूश झालो. आमच्या लेकीनं एका बाईंच्या तळघरात आठ वर्षं कथक केलंय, त्या तत्कारापायी मी रविवारची झोप सोडलीय. पण ते यात धरत नाहीत. शाळेत तिनं वर्षभर मातीची भांडी केली होती, ती धरतात. त्यातलं एक वाकडं भांडं आमच्याकडे किल्ल्या ठेवायला आहे. त्या दिवसापासून मी ते हलक्या हातानं उचलतो.

पुढं शिफारसपत्रं. कॅलिफोर्निया अर्जासोबत ती मागत नाही. एमआयटी दोन मागते : एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषा-इतिहासवाल्याचं. शाखेचंही तसंच. काही ठिकाणी अर्जातच शाखा सांगून मोकळं व्हायचं. एमआयटीत पहिलं वर्ष होईपर्यंत सांगायचीच नाही. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी लग्न, मग मुलगा बघायचा?"

पण एक्सेलचा खरा प्राण घेतला निबंधांनी. कॉमन अ‍ॅप म्हणजे बऱ्याच कॉलेजांचा एकत्र फॉर्म, त्यात स्वतःबद्दल ६५० शब्द. शिवाय ज्याचे त्याचे वेगळे. स्टॅनफर्डला होणाऱ्या रूममेटला पत्र लिहायचं. मी मदत म्हणून कच्चा मसुदा केला : 'दिवे वेळेवर बंद करत जा, ओला टॉवेल गादीवर टाकू नये.' लेक म्हणाली, "बाबा, हे पत्र तुम्ही मला लिहिलंय." शिकागो विद्यापीठानं तर एका वर्षी विषय दिला होता : 'क्ष शोधा'. एवढंच. मी पाठपोट कागद घेऊन समीकरण शोधत बसलो, समीकरण नव्हतंच. २८१ वाल्या माणसाचा याहून मोठा अपमान कुणी केला नसेल.

मग कॉमन अ‍ॅपमधलीच उपक्रमांची यादी. जास्तीत जास्त दहा, प्रत्येकाला १५० अक्षरं, शिवाय आठवड्याला तास किती आणि वर्षाला आठवडे किती. एका रात्री मी गुपचूप माझी यादी करून पाहिली. गणेशोत्सवात खुर्च्या मांडणे. खुर्च्या उचलणे. बटाटेवड्यांच्या रांगेचं नियोजन, पद : स्वयंघोषित. कथकला सोडणे-आणणे, आठ वर्षं. पाचव्यावर अडकलो. एक्सेल, असं लिहिलं, आठवड्याला तास वीस. बायको मागं येऊन उभी होती. ती म्हणाली, "आणि आठवडे बावन्न."

एक रकाना मात्र पूर्ण भरला : निकालाची तारीख. एमआयटीचा नियमित निकाल १४ मार्चला लागतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे ती तारीख होते ३.१४. त्यांना पायचं भारी कौतुक! वर्तुळाचा हा आकडा शाळेत आम्हाला २२ भागिले ७ म्हणून भेटला, त्यांच्याकडे त्याचा सण असतो.

गेल्या शनिवारी पुन्हा पंखा दिसला. "अरे, नक्की किती लागतात ते सांगाल का कुणी? शेजारच्या काकू रोज विचारतात."

मी घसा खाकरून संपूर्ण व्यक्तिमत्त्वाचा विचार वगैरे सुरू केलं. लेकीनं फोन काढून घेतला.

"आजी, तीन पूर्णांक चौदा."

पंखा थोडा वेळ नुसताच फिरत राहिला.

"एवढेच?" आई म्हणाली. "मग तुझ्या बाबाचंसुद्धा झालं असतं की गं तिकडं."