बसण्याचे पैसे

यवतमाळात बसायला पैसे पडत नाहीत. दत्त चौकातल्या पानठेल्यापाशी सकाळी टेकलेला माणूस उन्हं डोक्यावर आली की उठतो. मधल्या वेळात एक चहा दोघांत, एक खर्रा चौघांत आणि केंद्र सरकारचं नेमकं कुठं चुकतं याचा निकाल. ठेलेवाला उलट म्हणतो, "बसा न भाऊ, घाई काय हाय?" या संस्कारात वाढलेली माणसं एक दिवस व्हेनिसला उतरली.

आमच्या टूरमध्ये यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद अशी सगळी मंडळी होती. टूर मॅनेजर डोंबिवलीचा पोरगा. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, इथे कॉफी उभ्याने प्यायची. बसलात की दर बदलतो." आम्हाला वाटलं, पोरगा घाईचा आहे, बस सुटू नये म्हणून सांगतोय.

सेंट मार्कच्या चौकात फ्लोरियन नावाचं कॉफीघर आहे. १७२० साली, म्हणजे थोरल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली त्याच वर्षी ते उघडलं. खुर्च्या मांडलेल्या, पांढऱ्या कोटातले वेटर, बाहेर व्हायोलिन वाजवणारी मंडळी. आमच्या काकू (यवतमाळच्याच, पण गटातल्या सगळ्यांच्या काकू) खुर्चीकडे निघाल्या तसा मॅनेजर आडवा आला. कॉफीचे पैसे, बसण्याचे त्यातच धरलेले, आणि वाजंत्री चालू असेल तर त्याचे आणखी निराळे.

"मी ऐकत नाही न," काकू म्हणाल्या. "कान झाकून बसतो."

तरी गोंडोल्यात बसलोच. व्हेनिसला जाऊन गोंडोल्यात न बसणं म्हणजे कळंबला जाऊन चिंतामणीचं दर्शन न घेणं. सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो, नावेत पाच जण. वणीचे भाऊ बांधकामाचे ठेकेदार. त्यांनी तोंडी भागाकार करून मिनिटाचा भाव काढला आणि पूर्ण वेळ घड्याळाकडे पाहिलं. पुलाखालून जाताना नावाड्याने काहीतरी गुणगुणलं, तेव्हा काकूंनी मॅनेजरला खूण करून विचारलं, "याचे लागते का जी?"

पिसाला मात्र भाऊ फुलले. त्यांच्या आयुष्यात पाहण्यासारखी अशी ही एकच इमारत. ११७३ मध्ये काम सुरू, तिसऱ्या मजल्यापर्यंत येता येता मनोरा कलला, कारण खाली भुसभुशीत चिकणमाती. मग लढायांमुळे काम शंभरेक वर्षं ठप्प. त्या आळसानेच मनोरा वाचला म्हणतात. तेवढ्यात माती दबून बसली. आपल्या काळ्या मातीवर घर बांधलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दर दिवाळीला भिंतीची चीर बुजवणं हा फराळाइतकाच नेमाचा कार्यक्रम. पुढे १९९० मध्ये मनोरा बंद केला, वरच्या अंगाची माती काढून थोडा सरळ केला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला.

"दोनशे वर्षं काम चाललं," भाऊ खिन्नपणे म्हणाले, "कललं तरी बिल पास झालं. वर तिकीट लावलं. अन् माझा नाला अर्धा इंच वाकडा निघाला तर तीन वर्षं फाईल फिरून राह्यली."

सारं जग तिथं हात पुढे करून मनोऱ्याला टेकू दिल्याचे फोटो काढत होतं. भाऊंनी दुसऱ्या बाजूला उभं राहून ढकलतानाचा काढला.

फ्लॉरेन्सला बसण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. जेवायला बसलो, बिल आलं. त्यात माणशी एक रक्कम, नाव 'कोपेर्तो'. मॅनेजरने सांगितलं, टेबलावरचं कापड, काटे-चमचे, पाव, थोडक्यात बसण्याचे.

"काहून?" काकूंचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. "मी काय खुर्ची घरी घेऊन चालली?"

त्यात पानात होतं रिबोलिता. शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळपट पालेभाजी पुन्हा उकळून केलेलं तस्कनीतल्या गरिबांचं जेवण. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. वर कच्चं ऑलिव्ह तेल सोडतात, तसं आपण झुणक्यावर सोडतो. काकूंनी पिशवीतून ठेच्याची बरणी काढली, चमचाभर त्यात कालवला, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगलं झालं आता. पण शिळं खाऊ घालून वरून बसाचे पैसे घेते म्हणजे कमाल हाय." मग त्यांनी दुधाची कॉफी मागवली. जेवणानंतर कापुचिनो मागणाऱ्याकडे इटालियन वेटर कसा पाहतो, ते आपल्याकडे पुरणपोळीला केचप लावणाऱ्याकडे पाहावं तसं.

पोन्ते वेक्क्यो या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंनी सराफांची दुकानं आहेत. पूर्वी तिथं खाटिक होते. राजवाड्यातून येता-जाता वास येतो म्हणून १५९३ मध्ये फर्दिनांदो मेदिचीने त्यांना हुसकून सोनार आणले. आमच्या बायकांनी अख्खा पूल दीड तासात पार केला. एका काचेसमोर काकूंनी दागिना मागवला, हातात तोलला, मागे छाप पाहिला. अठरा कॅरेट. त्यांनी तो अशा मायेने परत केला की दुकानदाराला आपलंच कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटलं असावं. "हे मोडाले नेलं तर आपला सोनार हाकलूनच देते मले."

चामड्याच्या बाजारात त्यांची भरपाई झाली. सान लोरेंझोच्या गल्लीत पर्स टांगलेल्या. विक्रेता बांगलादेशी, हिंदी फर्डी. साठ युरोवरून घासाघीस सुरू झाली. काकू तीनदा निघाल्या, त्याने चारदा हाक मारली. पंचवीसला सौदा ठरला आणि त्याने काकूंना बसायला स्टूल दिलं. काकूंनी आधी विचारून घेतलं.

रोममध्ये मला एका दुकानाच्या काचेत साधा पांढरा सुती सदरा दिसला. ९० युरो. युरो शंभर रुपयांच्या घरात, म्हणजे नऊ हजार. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. म्हणजे एका सदऱ्याला क्विंटलभर कापूस देऊनही वरून पैसे मोजायचे. कापसाच्या जिल्ह्यातला माणूस त्या काचेसमोर जरा जास्त वेळ उभा राहिला तर त्याला फॅशनचं वेड म्हणू नये. गंमत अशी की एकोणीसशे-साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी याच शहरात थोरला प्लिनी हा रोमन लेखक कुरकुरत होता: हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. तेव्हा आपल्या मराठवाड्यातल्या तेरहून मलमल भडोचच्या बंदराला जायची आणि तिथून पश्चिमेला. काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तेच वसूल करून राह्यले आता. खुर्चीखुर्चीनं."

रोममध्ये फुकट असलेली गोष्ट म्हणजे पाणी. रस्तोरस्ती लोखंडी ठोकळे, त्यांना वाकडी नळी, त्यातून अहोरात्र गार पाणी. १८७४ पासूनची सोय. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि थेट तोंडात पिता येतं. पोरं खूश. पण निळोणा धरण आटलेलं पाहिलेल्या, टँकरमागे बादली घेऊन धावलेल्या बाईला ते पाहवेना. काकू ठोकळ्याभोवती फिरून चावी शोधू लागल्या. "बंद करा न जी कोणी! किती वाया चाललं!" चावी नसतेच म्हटल्यावर त्यांनी गटातल्या साऱ्यांच्या बाटल्या भरून घेतल्या, मग दोन जपान्यांच्याही.

पुढे स्पॅनिश पायऱ्या. १३५ पायऱ्या, ऐसपैस, जणू बसण्यासाठीच बांधलेल्या. काकू टेकणार एवढ्यात शिट्टी वाजली. २०१९ पासून तिथं बसायला बंदी, दंड २५० युरोपासून पुढे. काकू काही बोलल्या नाहीत. गुडघ्याला हात लावून उभ्या राहिल्या.

शेवटी बसायला मिळालं ते चर्चमध्ये. पियाझ्झा नावोनाजवळचं सान लुइजी देई फ्रान्चेझी, प्रवेश मोफत, बाकं भरपूर. आमची सारी वऱ्हाडी सेना पाय सोडून बसली. डावीकडच्या कोपऱ्यात काराव्हाजोची चित्रं होती, १६०० सालच्या आसपासची, पण अंधारात. शेजारी एक डबी. तिच्यात नाणं टाकलं की दिवा लागतो. भाऊंनी टाकलं.

टेबलाभोवती पाच माणसं, बहुतेक बसलेली. उजवीकडून येशू बोट दाखवतोय, आणि टोकाला एक पोरगा मान खाली घालून नाणी मोजतोय. मॅनेजर सांगत होता, यातला एक मॅथ्यू, कर वसूल करणारा, त्याला येशूचं बोलावणं आलंय.

"बसाचे मोजून राह्यले वाटते," काकू म्हणाल्या. "अन् देव इचारते, कितीचे घेतले?"

तेवढ्यात दिवा विझला. भारनियमन आमच्या अंगवळणी पडलेलं, पण लाइट गेली म्हणून नाणं टाकायची पद्धत नवीन. भाऊंचा हात पुन्हा खिशाकडे गेला, तो काकूंनी धरला.

"थांबा न भाऊ. मागं जर्मन उभे हायेत, ते टाकतात."