व्हॉल्यूमला हरकत नाही

(रंगमंचावर एक टेबल, त्यावर पुठ्ठ्याचे तीन-चार खोके. बाजूला माईकचा स्टँड, पण त्यावर माईक नाही. कलाकार गळ्यात काळ्या वायरीचं वेटोळं घालून येतो. स्टँडच्या रिकाम्या टोकाशी जातो, हवेत टकटक करतो, जोरात फुंकर मारतो.)

हॅलो... हॅलो... माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री.

(थांबतो. प्रेक्षकांकडे बघतो.)

थ्री. चारपर्यंत आपल्या देशात कुणी गेलेलं नाही. सरपंच असो, शास्त्रज्ञ असो, थ्री म्हटलं की माईक पास. आणि ही फुंकर! अहो, आत एक पातळ पडदा असतो, कुजबुजीनंसुद्धा हलणारा. त्याच्यावर फुंकर मारायची आणि वर विचारायचं, ‘आवाज येतोय का?’ आवाज कुठला, वारा येतोय!

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. म्हणजे जिथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं, बिनमाईकचं, त्या गावचा. आणि राहतो कुठं? बंगळूरला, जे. पी. नगरात. माईकच्या शोधात निघालेला सांगलीचा माणूस, हीच मुळात घसरगुंडी आहे. पण इलाज नव्हता. आमच्या सौ. फोनवर गायला लागल्या होत्या.

ॲपवर. कानात हेडफोन. म्हणजे तबला, व्हायोलिन, सतार सगळं त्यांच्या कानात, आणि घरात आम्हाला ऐकू येणार नुसत्या त्या. मधलं म्युझिक सुरू झालं की त्या गप्प. डोळे मिटलेले, मान डोलतेय, एक हात हवेत, आणि उभ्या कुठं? स्वयंपाकघराच्या दारात. (तशी मुद्रा करून उभा राहतो. बराच वेळ.) एकदा गॅसवाला आला. सिलिंडर ठेवला, यांच्याकडं बघितलं, आणि पैसे न घेता गेला.

तेव्हा ठरलं, घरात रीतसर कराओके करायचं. टीव्ही होता. ट्रॅक यूट्यूबवर होते. स्पीकर होता. मुलगा म्हणाला, ‘बाबा, फक्त माईक आणा.’

(‘फक्त’ हा शब्द तोंडात घोळवतो. खोक्यांकडे बघतो.)

पहिला सल्ला मुलाचाच. ‘बाबा, आहे तो ब्लूटूथ स्पीकर वापरू. माईक फोनचाच, फोन स्पीकरला.’ केलं. सौ.नी ‘आ’ लावला. खोलीत शांतता. त्यांनी ‘आ’ बंद केला, आणि स्पीकरमधून ‘आ’ आला. आता यात भुताटकी नाही. ब्लूटूथमध्ये आवाजाची आधी गाठोडी बांधतात, मग पाठवतात, मग सोडतात. यात शंभर-दोनशे मिलीसेकंद सहज जातात. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? हवेत आवाज जातो सेकंदाला ३४३ मीटर. दोनशे मिलीसेकंदांचे झाले सत्तर मीटर. म्हणजे बायको गाते हॉलमध्ये, आणि तिला स्वतःचा आवाज येतो सोसायटीच्या गेटवरून! ती थांबली आवाजासाठी, आवाज थांबला तिच्यासाठी. दोघं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत राहिले आणि गाणं पुढं निघून गेलं.

दुसरा सल्ला साडूचा. व्हाइटफील्डला राहतो. साडू या नात्याचं वैशिष्ट्य असं, की त्याच्याकडं आपल्यापेक्षा महाग वस्तू आधीपासून असते. (फोन कानाला लावतो.)

हां, बोला साडूभाऊ... कंडेन्सर?... स्टुडिओत असतो तोच?... ४८ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात? कशानं?... फॅन्टम पॉवर. अहो, घरात कराओके करायचंय, प्लँचेट नाही... बरं, द्या पाठवून तुमचाच. बघतो.

(एक खोका उघडतो. आतून काही काढल्याचा अभिनय. दोन्ही हातांनी जपून धरतो.)

कंडेन्सर. बारीकातलं बारीक ऐकतो. त्यानं काय काय ऐकलं सांगू? पंखा. फ्रिज. वरच्या घरातलं ओढलेलं स्टूल. खाली बीएमटीसीच्या बसनं मारलेला ब्रेक. कुकर. सौ.च्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी तीन शिट्ट्या आल्या, सुरेल होत्या हो, पण त्या तूरडाळीच्या होत्या. माईक वाईट नाही. त्याला बंद खोली लागते, भिंतीला फोम लागतो. असा माईक घेतला की मागोमाग नवं घर घ्यावं लागतं.

हे सगळं सासूबाई सोफ्यावरून बघत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. (बसतो, पदर सारखा केल्याचा अभिनय.)

‘जावईबापू, एवढं कशाला लागतं? १९२१ साली मुंबईत संयुक्त मानापमान झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. माईक होता का?’

मी म्हटलं, ‘आई, तुम्ही होता का?’

‘माझे वडील सांगायचे.’

पण म्हातारीचा मुद्दा खोटा नाही. गायिका गौहरजाननं १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं ते भोंग्यात तोंड घालून. तिच्या आवाजाच्या जोरानंच सुई मेणावर रेघ कोरत होती. मायक्रोफोननं ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९२५ च्या सुमाराला. म्हणजे तोवर गवय्याचं फुप्फुस मोठं लागायचं. माईक आला आणि हळू गाणाऱ्यांना राज्य मिळालं. आपली सगळी गुणगुणणारी मंडळी, कुजबुजत प्रेम करणारे सगळे नायक, ही माईकची मुलं आहेत.

एवढं समजावून सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘बरं, आणा इकडं.’ माईक तीन फुटांवर ठेवला आणि एक तान घेतली. साडूच्या कंडेन्सरनं शरणागती पत्करली. स्पीकर फाटल्यासारखा कण्हला. खाली कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. सासूबाई म्हणाल्या, ‘तुमचा माईक बिघडलाय.’

(उठतो. वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकतो.)

मग मी निघालो एस. पी. रोडला. मेट्रोचा हिरवा मार्ग, जे. पी. नगर ते चिकपेट, आणि पुढं चालत. एस. पी. रोड म्हणजे, ज्या वस्तूचं नाव तुम्हाला माहीत नाही ती तिथं मिळते, आणि ज्याचं माहीत आहे ते दुकान बंद झालेलं असतं. काउंटरवरचा माणूस राजस्थानी, माझ्याशी हिंदीत, पोऱ्याशी कन्नडमध्ये, मालाशी इंग्रजीत.

‘सर, पर्पज? होम? देवस्थाना? स्कूल? पॉलिटिकल?’

मी म्हटलं, माईक सगळ्यांना एकच ना? तो हसला. ‘देवस्थानाला लांब मानेचा, पुजाऱ्याचे हात मोकळे पाहिजेत. स्कूलला पडून न फुटणारा. पॉलिटिकलला...’ आणि खालून एक उचलला, ‘हा. काहीही बोला, सहन करतो.’

मी म्हटलं, ‘होम.’

‘होम डेंजर आहे, सर.’

मग त्यानं मला बिनवायरीचा दाखवला. दोन माईकचा जोड, डब्यात रिसीव्हर, छान दिसतो. मुलगा इथं असता तर विषय संपला असता. पण याला सेल लागतात, आणि सेल संपतात कधी? अंतऱ्याला. मग भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढायचे, म्हणजे गाणं चालू आणि वेळ बंद. शिवाय स्वस्त जोड ठरलेल्या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. शेजारच्या घरानं तोच जोड घेतला तर? तुम्ही इकडं प्रेमगीताचा मुखडा धरलाय आणि तुमच्या स्पीकरमधून तिकडच्या सत्यनारायणाचे गुरुजी म्हणतायत, ‘आता यजमानांनी पळीभर पाणी सोडावं.’

शेवटी त्यानं काढला तो साधा, जाडजूड, जाळीच्या गोळ्याचा. डायनॅमिक. आत लोहचुंबक, त्याच्याभोवती तारेची गुंडाळी, तिला पडदा चिकटवलेला. पडदा हलला की तार हलते, तार हलली की वीज तयार होते. बस. सेल नको, ४८ व्होल्ट नको. पडला तरी चालतो. या घराण्यातला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे अमेरिकेतल्या शुअर कंपनीचा एसएम ५८. १९६६ पासून तेच रूप. जगातल्या कुठल्याही गवयाचा फोटो बघा, ओठांसमोर बहुधा हाच. नकलाही त्याच्याच जास्त. खरा २९८ ग्रॅम भरतो, म्हणून जाणकार माणूस माईक घ्यायला जाताना खिशात वजनकाटा ठेवतो. आणि आपल्याकडच्या लग्नात, कीर्तनात, निवडणुकीत, ‘अहमद नावाचा मुलगा हरवला आहे’मध्ये जो असतो तो अहुजा. १९४० पासूनची दिल्लीची कंपनी. निम्मा भारत त्यातून हरवला आणि सापडला.

‘आणि सर, हा कार्डिऑइड आहे. समोरचं ऐकतो, मागचं ऐकत नाही.’

(माईक हातात असल्याचा अभिनय. त्याच्याकडे भारावून बघतो.)

समोर बोलणाऱ्याचं ऐकायचं आणि मागून कोण काय म्हणतंय त्याकडं दुर्लक्ष करायचं. घरात एकालाही हे जमलेलं नाही. घेऊन टाकला.

वायर कुठली? एका टोकाला तीन पिनांचं एक्सएलआर, दुसऱ्याला पी ३८. पी ३८ म्हणजे तो जुना जाडा जॅक, पाव इंची. पाच मीटर घेतली. मला वाटलं लांब वायर बरी. घरी आल्यावर कळलं, लांब वायर म्हणजे मेहुणा बाल्कनीपर्यंत जातो.

हं, मेहुणा. धाकटा. तो माईक असा धरतो. (जाळीचा गोळा दोन्ही मुठींत आवळल्याचा अभिनय.) टीव्हीवरचे रॅपर धरतात तसा. आता या माईकला मागचं ऐकू येत नाही ते का? मागं बारीक भोकं असतात, तिथून हवा आत शिरून हिशेब बरोबर करते. ती मुठीनं झाकली की त्याचं कार्डिऑइडपण संपलं. चहूबाजूंनी ऐकायला लागतो, स्पीकरचाच आवाज परत गिळतो, परत ओकतो, आणि मग... (कानठळ्या बसवणारी ‘कुंईईई’.) आणि मेहुणा काय म्हणतो? ‘भावजी, माईक हलका लागला.’

उलट माझं. मी ओठाला लावून गातो. या माईकची एक खोड आहे, जवळ घेतलं की खर्ज फुगतो. जरा दूर धरला की मी हिशेबनीस, ओठाला टेकवला की हेमंतकुमार. वर त्यात मी इको वाढवला. इकोचं बटण हे आपलं राष्ट्रीय बटण आहे. इको लावला की गाणं आलं असं वाटतं.

तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीचा ग्रुप. खालच्या मजल्यावरचे अंकल. रिटायर्ड, कन्नडिगा, चामराजपेटेत रामनवमीचे संगीतोत्सव लहानपणापासून ऐकलेले. तिथं १९३९ पासून महिना-महिना मैफली होतात, तेव्हा कान कसला झाला असेल बघा. माझ्या पोटात गोळा. कायदा मला पाठ होता, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र दहाला सुरू होते. घड्याळात साडेआठ. बचाव तयार. मेसेज उघडला.

(फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचतो.)

‘सर, नो ऑब्जेक्शन टू व्हॉल्यूम. ऑब्जेक्शन टू श्रुती.’

(शांतता.)

खाली कन्नडमध्ये आणखी एक ओळ. मुलानं वाचून दाखवली. ‘श्रुती सेरलिल्ल.’ सूर लागला नाही. आणि त्याखाली इंग्रजीत, ‘इको, प्लीज रिड्यूस. वन मिस्टेक, फोर टाइम्स कमिंग.’

अहो, आवाजावर भांडता येतं. सुरावर काय भांडणार? आणि या लोकांशी कसं भांडायचं? यांचा हिरोसुद्धा स्वतः गायचा. डॉ. राजकुमार. १९९२ च्या ‘जीवन चैत्र’साठी पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिक घेतलं त्यांनी, हिरोनं! आपल्याकडं हिरोला ओठ बरोबर हलवले तरी बक्षीस.

मी परत एस. पी. रोडला गेलो. म्हटलं, श्रुतीत गाणारा माईक द्या. तो म्हणाला, ‘सर, माईक जे आहे ते पुढं पाठवतो. आहे ते नसलं तर मी काय करू?’

(खोक्यावर टेकून उभा राहतो.)

या सगळ्याला जबाबदार माणूस जपानचा. दाइसुके इनोउए, कोबे शहरातला. बारमध्ये गाणाऱ्यांना साथ करायचा. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, याला जायला जमत नव्हतं, तर यानं साथीची टेप करून दिली. त्यातून १९७१ मध्ये पेटी बनवली, पैसे टाका आणि गा. म्हणजे साथीदार आला नाही म्हणून जन्माला आलेली ही कला. पेटंट घेतलं नाही बिचाऱ्यानं. २००४ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, ते गमतीचं नोबेल, आणि तेही शांततेचं! का, तर माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून. समितीतला एकही माणूस आमच्या मेहुण्याच्या समोर बसलेला नाही, हे उघड आहे.

तर मंडळी, तुम्हाला घ्यायचा असेल तर ऐका. कंडेन्सर साडूकडंच राहू द्या. ब्लूटूथनं गाणं ऐका, गाऊ नका. बिनवायरीचा परवडला तर घ्या, सेल वेगळे ठेवा. नाही तर डायनॅमिक, कार्डिऑइड, वायरचा. स्पीकर गाणाऱ्याच्या पाठीमागं नको, पुढं ठेवा, म्हणजे माईकच्या न ऐकणाऱ्या बाजूला, तोंड बाहेर करून. गोळा मुठीत धरू नका. इको निम्मा करा, आणि तो निम्मा अजून निम्मा करा.

आणि स्विचवालाच घ्या. दुकानदार सांगेल, एसएम ५८ मूळचा बिनस्विचचा, प्रोफेशनल लोक तोच वापरतात. वापरू देत. प्रोफेशनल माणसाला थांबायचं कधी ते माहीत असतं. तुम्ही स्विचवाला घ्या, आणि स्विच घरातल्या न गाणाऱ्याच्या ताब्यात द्या.

(वेटोळं टेबलावर ठेवतो, नमस्कार करतो. अंधार.)