शनिवारच्या मालकांसाठी शरदाची पहिली इयत्ता

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगतो. पुण्यामुंबईत राहून ज्यांनी मुळशी, वेल्हे, भोर यांपैकी एखाद्या बाजूला दहा-अकरा गुंठे घेतले, त्यावर कौलारू घर बांधले, फाटकावर आईचे नाव लावले, आणि आता दर शनिवारी तिथे जाऊन नेमके करायचे काय, या प्रश्नाने जे हैराण झाले आहेत, अशा सज्जनांसाठी. पावसाळ्यात हा प्रश्न पडत नाही, भजी असतात. उन्हाळ्यातही पडत नाही. पाणीच नसल्यामुळे कोणी जात नाही. पंचाईत होते ती आश्विन-कार्तिकात. रस्ता कोरडा, टाकी भरलेली, हवा छान, आणि बागेत म्हणे निसर्ग आलेला असतो. त्याच्याशी बोलायचे काय?

पहिला धडा : लाल पानांची वाट पाहू नका. बँकेच्या कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पानावर जो तांबडापिवळा रस्ता असतो तो आपल्याकडचा नव्हे. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. शरदात सह्याद्री चांगला हिरवागार असतो, फक्त गवताचे शेंडे सोनेरी व्हायला लागलेले असतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हस्त नक्षत्र लागते. भोंडल्याच्या पाटावर मुली ज्याच्याभोवती फेर धरतात तो हत्ती हाच. दिवसभर तापवतो आणि संध्याकाळी गडगडाट करून सोंडेने ओततो. तो गेला की ‘ऑक्टोबर हीट’. दुपारी पाठ भाजते, पहाटे गोधडी शोधावी लागते. म्हणून वेळापत्रक असे : पहाटे सहा ते नऊ पाहावे, नऊ ते चार झोपावे, चारनंतर पुन्हा पाहावे. यातला मधला भाग बहुतेक नवशिक्यांना पहिल्याच दिवशी उत्तम जमतो.

साहित्य : आठ बाय बेचाळीसची दुर्बीण एक. (मुले ती उलटी धरून पाहतील. पाहू द्या, पाहुण्यांची पोटे लहान दिसतात.) वेताची खुर्ची एक. घोट्याच्या वर येणारे बूट, विजेरी, मच्छरदाणी. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’, कारण फोनला रेंज येते ती फक्त टाकीवर चढल्यावर. आणि शेजारचे मामा. मामा दुकानात मिळत नाहीत. ते जमिनीबरोबर येतात आणि सातबाऱ्यावर त्यांचा उल्लेख नसतो. तुम्ही दुर्बिणीचे स्क्रू फिरवत असताना मामा नुसत्या आवाजावरून सांगतात, “त्यो दयाळ हाय सायेब, कवाचा बसलाय.” दुर्बीण नसली तरी चालेल. मामा हवेतच.

कृती : काहीही करू नये.

ही पायरी सर्वांत अवघड आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. मी स्वतः पहिल्या वर्षी ती गाळली होती. घर नवे, उत्साह नवा, आणि पुण्याहून गाडीच्या डिकीत घालून आणलेले गवत कापायचे मशीनही नवे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आठला सुरुवात केली. सोनकी गेली, तेरडा गेला, कुंपणाजवळ खुळखुळ्याची झुडपे माजली होती तीही गेली. दुपारपर्यंत सगळे आवार मुंजीच्या बटूसारखे झाले. मी घाम पुसत मामांना म्हटले, “कसं वाटतंय?” मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “सायेब, आता ह्यात बगायचं काय?”

त्याचा अर्थ कळायला मला एक वर्ष लागले. खुळखुळ्याच्या वाळक्या, मोडक्या फांद्यांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर अशा फुलपाखरांचे नर झुंडीने बसतात. मधासाठी नव्हे. त्या झाडात जी कडू अल्कलॉइडे असतात ती शोषून घेऊन हे नर मादीला भुलवायचे अत्तर तयार करतात. शिवाय त्या कडूपणामुळे पक्षी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. म्हणजे अत्तराचे दुकान आणि चिलखताचा कारखाना, दोन्ही मी एका सकाळीत जमीनदोस्त केले होते. त्या शरदात माझ्याकडे एकूण तीन फुलपाखरे आली आणि तिन्ही रस्ता चुकलेली दिसत होती. पुढच्या वर्षी मशीन पडवीतच राहिले, गवत कमरेएवढे झाले, आणि एका सकाळी कुंपणाजवळचे अख्खे झुडूप पंख मिटताना-उघडताना दिसले. श्रेय कोणाचे? मशीनमध्ये पेट्रोल नव्हते, त्याचे.

लिंबाच्या झाडाबाबतही हाच नियम लागू होतो, पण इथे घरात वाद होतात. कोवळ्या पानांवर पक्ष्याने शिटल्यासारखे काही दिसले की गृहिणी फवारणीचा पंप मागते. ती शीट नाही. ती अळी आहे. कोणी खाऊ नये म्हणून तिने तसले सोंग घेतले आहे. तिला पाने खाऊ दिली तर पुढे ती तळहाताएवढे काळेनिळे फुलपाखरू होऊन निघू शकते. इंग्रजीत ते ब्लू मॉरमॉन, आपल्याकडे राणी पाकोळी, आणि २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू. लिंबाचे लोणचे की राज्याची शान, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपापला घ्यावा. आमच्याकडे लोणचे आता मंडईतल्या लिंबांचे होते.

आता चेहऱ्याचे संरक्षण. शरदात बागेतल्या वाटांवर, बरोबर नाकाच्या उंचीवर, जायंट वूड स्पायडर नावाची कोळीण जाळे लावते. मादी पाय पसरून चांगली तळहाताएवढी, काळ्या अंगावर पिवळ्या खुणा. जाळ्याचा धागा उन्हात सोनेरी दिसतो आणि अंगाला लागला तर चांगला तटतटतो. नर तिच्यासमोर मुगाएवढा. तो जाळ्याच्या कडेला, तिचे लक्ष जाणार नाही अशा बेताने दिवस काढतो. बराच काळ संसार केलेल्या वाचकांना त्याच्याविषयी जास्त समजावून सांगायला नको. ही कोळीण माणसाला काही करत नाही, पण सकाळी सहाला, चहाच्या आधी, ती तोंडावर आली की माणूसच स्वतःला बरेच काही करून घेतो. उपाय दोन. एक, काठी समोर उभी धरून चालणे. दोन, मेव्हणे आलेले असतील तर “या ना, तुम्ही पुढे व्हा” असे म्हणून त्यांना मान देणे. दुसरा उपाय एकदाच चालतो.

सापांविषयी मात्र थट्टा नाही. भात कापणीला येते तेव्हा उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. यात कोणाचा दोष नाही. लांबलचक, पिवळसर, घाईत असलेली दिसते ती बहुधा धामण, बिनविषारी आणि उंदरांवर जगणारी. तिला जाऊ द्या. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची चित्रे मुलांना आधीच दाखवून ठेवा. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यायची. बूट झटकून घालायचे, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकायचे नाही, सरपणाचा ढीग घराला लागून रचायचा नाही. चावलाच तर भगत नाही, चिरणे-चोखणे नाही. १०८ ला फोन आणि सरळ ग्रामीण रुग्णालय. या चौघांच्या विषावरची लस एकच असते, त्यामुळे साप पकडून डॉक्टरांना दाखवायला नेण्याचे शौर्य करू नये. सर्पमित्राचा नंबर फ्रीजच्या दारावर लावा, जिथे सध्या पिझ्झावाल्याचा आहे तिथे.

हुश्श. आता वर पाहा.

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे लटकलेले असतात. नाव बाईचे, पण विणकाम सगळे बुवांचे. नर अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवून गिऱ्हाईक बोलावतो. मादी येऊन आत-बाहेर पाहते आणि पसंत पडले तरच बांधकाम पुरे होते. नापसंत झालेले अर्धवट सांगाडे तसेच लोंबत राहतात. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. ऑक्टोबरात विणीचा हंगाम सरत आलेला असतो, खोपे रिकामे होतात, आणि मग कोणीतरी म्हणते, दिवाणखान्यात टांगायला एक काढू या का? काढू नका. जुन्या खोप्यांत मनोल्या बिऱ्हाड करतात.

तारांवर, गाडीच्या टपावर, अंगणात शेपटी वरखाली आपटत धावणारा धोबी दिसला की थंडीचे पाहुणे यायला लागले असे समजावे. हा गडी हिमालय आणि त्याच्याही पलीकडून आलेला असतो. पण माझ्या मते शरदातला खरा प्रवासी धोबी नाही. संध्याकाळी आवारावर जे पिवळसर चतुर शेकड्यांनी घिरट्या घालतात ते पाहा. लांबी पाच सेंटिमीटरही नाही. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडले की हे चतुर भारतातून निघून, ईशान्येकडच्या वाऱ्यावर स्वार होऊन, मालदीव आणि सेशेल्सवरून पूर्व आफ्रिकेला जातात, आणि पुढच्या पावसाळ्याबरोबर त्यांची पिढी परत येते. त्याच सुमारास, नोव्हेंबरात, अमूर ससाणे सैबेरिया-चीनकडून येऊन लोणावळ्याच्या आसपास थोडे थांबतात आणि तेही समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. वाटेत शिदोरी म्हणून हेच चतुर खात असावेत, असा अंदाज आहे. व्हिसासाठी तीन फेऱ्या मारलेल्या माणसाने हे सगळे खुर्चीत बसून पाहावे. फार बरे वाटते.

रानडुकरे, साळिंदर आणि माकडे यांच्यासाठी वेगळा धडा नाही. ती आली की मामांना हाक मारावी. रताळी गेली असे समजावे. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो, तो बहुधा यांच्यासाठीच ठेवलेला आहे.

दोन-तीन शनिवार गेले की घरच्यांना बागेचा कंटाळा येतो आणि सहल निघते. सहल म्हणजे कास. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर माती, आणि त्या बोटभर मातीवर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रंगांचा बाजार. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारशात घेतली. त्यांतली चार महाराष्ट्रातली आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यादीत नाव आल्यावर सगळ्यांनी ते वाचले आणि सगळे रविवारी निघाले. तेव्हा नियम पहिला, रविवारी जाऊ नये. नियम दुसरा, आधी ऑनलाइन नोंदणी करावी. तिसरा नियम कोणी पाळत नाही, म्हणून तो जरा मोठ्याने सांगतो : फुलांत बसून, लोळून, आडवे होऊन फोटो काढू नका.

कासला गेलेले बरेच जण परत येऊन सांगतात, “फुलं बारीकच आहेत हो.” खरे आहे. उभ्याने पाहिले तर नुसता निळा-जांभळा डाग दिसतो. वाटेच्या कडेला उकिडवे बसा. तो डाग म्हणजे सीतेची आसवे, नाव इतके करुण, पण झाड मांसाहारी. मुळांसारख्या धाग्यांवर इवल्या पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. पिवळा कवला लोकांनी मिकी माऊस करून टाकला आहे. एकदा ते दोन कान दिसले की पुन्हा कवला दिसत नाही, म्हणून दाखवणाऱ्याला आधीच गप्प करावे. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. डोंगरउतारावरची तिची थोरली बहीण, नुसती कारवी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ ला फुलली होती, मग २०२४ ला. तुमची ती वेळ हुकली असेल तर हिशेब २०३२ चा लावा. तोवर घराचे कर्जही फिटलेले असेल.

ज्यांना भीमाशंकरला जायचे आहे त्यांनी देवदर्शन आणि शेकरूदर्शन एका दिवसात आटपायचा बेत करू नये. शेकरू आपला राज्यप्राणी, त्याच्यासाठीच १९८५ मध्ये तिथे अभयारण्य झाले. तो झाडाच्या शेंड्याला राहतो, एका वेळी दोन-चार घरटी बाळगतो आणि त्यातल्या कुठल्या घरट्यात आज मुक्काम आहे हे कोणाला सांगत नाही. दोन घरांचा हप्ता भरणाऱ्याला हे ऐकून त्याचा थोडा हेवा वाटेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. वर सांगितलेले गवत कापायचे मशीन अजून माझ्या पडवीत आहे. एकदाच वापरलेले, पाते धारदार, कागदपत्रे पिशवीत. ते मला कोणाला तरी फुकट द्यायचे आहे. मात्र त्याच्या मुठीवर सध्या कुंभारीण माशीने मातीची चार गाडगी बांधली आहेत. प्रत्येकात एक अंडे आणि जोडीला मूर्च्छित अळ्यांची शिदोरी घालून तिने तोंडे लिंपून टाकली आहेत. मामा रोज बघून येतात. चारांतली दोन फुटली आहेत, दोन अजून बंद आहेत. न्यायला येणाऱ्यांनी आधी फोन करून विचारावे.