हातचा कठे गया?

धुळ्याकडचे आबा जळगावच्या दाणाबाजारात आडत्याकडे वह्या लिहितात. हे आबा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत; खानदेशातल्या प्रत्येक जुन्या पेढीवर एक असतोच. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला की ओळखावं, बेरीज चालू आहे. तेव्हा चहा आला तरी ते हात पुढे करत नाहीत. त्या हातात हातचा असतो, आणि कपाच्या कानापायी तो त्यांनी आजवर सोडलेला नाही.

४७८, ३५६, २८७. आठ न् सहा चौदा, न् सात एकवीस. एकवीसचा एक, हातचे दोन. एवढ्यात हमाल विचारतो, "आबा, दादर कुठं उतरवू?" आबा पुटपुटतात, "दोन." बेरीज बिनचूक ११२१ येते, दादर ज्वारीची पोती मात्र दोन नंबरच्या गाळ्यात, मुगाखाली संध्याकाळी सापडतात.

खतावणी जुळत नसली की आबा आधी फक्त फरक विचारतात. त्याला नवाने भाग गेला, तर आकडे उलटे पडले असणार, ५४ चे ४५. फरक नेमका दहाचा किंवा शंभराचा असला की नव्या पोराकडे चष्म्यावरून बघतात, "हातचा कठे गया रे भो?" पोरगं बिचारं खिसे चाचपतं.

आबांच्या वडिलांच्या काळी बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. पैंचा हातचा बाराला, आण्यांचा सोळाला. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि, आबांच्या मते, डोक्याला सुट्टी मिळाली. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली, तेव्हा तर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. "अरे, सत्तेचाळीसमध्ये सात आधी, चाळीस मागून. बेरीजही एककापासूनच ना? आपली भाषाच हातच्यासाठी घडवलीय!" (मला हे पटलं. अजून खोडता आलेलं नाही.)

घरी काकूंच्या खर्चाच्या वहीत बरोब्बर शंभराचा फरक निघाला. आबा खुशीत म्हणाले, "हातचा राहिला तुझा!"

काकूंनी कळण्याची भाकरी उलटली. "राहिला नाही, राखला. दर महिन्याला राखते."