वाचक बदलला हो!

संगणकाच्या एखाद्या साधनाची माहितीपुस्तिका कधी उघडून पाहिली आहे? 'स्ट्रिक्ट : हा पर्याय स्ट्रिक्ट मोड चालू करतो.' संपलं. पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. विचारायला जावं, तर 'आधी पुस्तिका वाचा' असं खेकसणारे ज्येष्ठ प्रत्येक हपिसात बसलेलेच. माणसांसाठी हे खपत होतं, कारण माणूस फुकट गोंधळतो.

आता पुस्तिका वाचायला एआय एजंट आलेत. एजंट म्हणजे काम सांगितलं की आपणच फाइली उघडणारा, आपणच कमांडी चालवणारा आणि शेवटी आपणच 'फत्ते!' म्हणणारा कारकून. त्याच्या गोंधळाचं बिल मात्र टोकनांच्या, म्हणजे वाचलेल्या-लिहिलेल्या शब्दतुकड्यांच्या, हिशेबात मालकाच्या टेबलावर येतं. लगेच भाषा कशी सुधारली बघा : 'स्ट्रिक्ट : साध्या इशाऱ्यालाही चूक धरतो. एक जरी इशारा निघाला, तरी एक्झिट कोड १ मिळेल. उदाहरण खाली.' उदाहरण! तेही खाली! एवढ्यासाठी हिंजवडीतली पोरं वर्षानुवर्षं तरसली.

फाइली तपासणारी साधनं काही आजची नव्हेत. सी भाषेतल्या कोडमधल्या संशयास्पद जागा हुडकणारं 'लिंट' बेल लॅब्सच्या स्टीफन जॉन्सनने केलं, ते १९७८ सालचं. या जमातीचा खाक्या पहिल्यापासून अळीमिळी गुपचिळी. सगळं ठीक असेल तर अवाक्षर काढायचं नाही, गुपचूप शून्य हा एक्झिट कोड, म्हणजे काम संपल्यावरचा निकालाचा आकडा, परत करायचा. शून्य म्हणजे उत्तम, हे प्रगतिपुस्तकावर शून्य पाहिलेल्यांच्या गळी उतरणं कठीणच. बरं, १ म्हणजे तरी नक्की चूक का? तसंही नाही. मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप'मध्ये १ म्हणजे शोधलेलं सापडलं नाही, 'डिफ'मध्ये १ म्हणजे दोन फाइलींत फरक आहे. खरी भानगड झाली की दोन्हीकडे २. माणसं हे ठेचा खात शिकली. एजंट १ बघतो आणि धडधाकट फाइल दुरुस्तीला काढतो.

म्हणून हल्ली पुस्तिकांचीच परीक्षा घेतात. एका फोल्डरात मुद्दाम बिघडवलेल्या फाइली ठेवायच्या, कुठे कंस उघडाच सोडायचा, कुठे स्वल्पविराम जास्तीचा घालायचा. मग एजंटच्या हाती पुस्तिका देऊन मजा बघायची. कल्पना झकास आहे, थट्टा करत नाही. पण समजा, एजंटने फोल्डरचं नावच चुकवलं. साधनाने इमानेइतबारे शून्य फाइली तपासल्या, त्यांत शून्य चुका सापडल्या, एक्झिट कोड शून्य. एजंटचा अहवाल तयार : 'सर्व फाइली काटेकोरपणे तपासल्या. एकही चूक आढळली नाही. आणखी काही सेवा?' कोडच्या चाचण्या चालवणारं 'पायटेस्ट' हे त्यातल्या त्यात शहाणं साधन. एकही चाचणी हाती लागली नाही तर ते ५ असा वेगळा कोड देतं. आमचे साधनकर्ते साधनाला हात लावतील तर शपथ! ते पुस्तिकेत ठळक ओळ वाढवतात : 'अत्यंत महत्त्वाचे : शून्य फाइली तपासल्या गेल्यास आनंद मानू नये.'

गुण द्यायला पुन्हा माणूस नकोच, परीक्षकही दुसरं एआय मॉडेल. असे परीक्षक लांबलचक उत्तराला झुकतं माप देतात, हे २०२३ मध्येच संशोधकांनी दाखवलं होतं. झालं, जास्त गुणांसाठी पुस्तिकाही फुगली. त्याच वर्षी आणखी एका संशोधनाने सांगितलं, की लांब मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेलच्या नजरेतून निसटते. म्हणजे गुणांसाठी फुगवलेल्या पुस्तिकेत ती ठळक ओळ नेमकी हरवणार. यावर उपाय म्हणून ती आरंभी आणि शेवटीही छापायची. पुस्तिका आणखी लांबली, गुण आणखी वाढले. (मधली पानं माणूसही कधी वाचत नव्हता, पण त्याची कोणाला फिकीर?)

प्रामाणिक पुस्तिकाही एकेकाळी होत्या. केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात कमांडीच्या माहितीखाली 'बग्ज' नावाचा रकाना असे. आमच्या या कमांडीत ही खोट आहे, सांभाळून वापरा, असा लेखकांचाच कबुलीजबाब. आजच्या पुस्तिकेतलं साधन जलद, विश्वासार्ह आणि वर 'एजंटस्नेही' असतं. परीक्षा घ्यायचीच, तर सगळे गुण एकाच प्रश्नाला ठेवावेत : हे साधन काय तपासत नाही, ते कुठे लिहिलंय? एजंट नापास झाला तरी चालेल, साधनकर्त्याला पेपर लिहू द्या.

हिंजवडीच्या एका पोराने मात्र यातून वाट काढली म्हणे. त्याची एक शंका साधनकर्त्यांकडे कित्येक महिने धूळ खात पडली होती. परवा त्याने तीच शंका नव्याने पाठवली, फक्त सुरुवात बदलली : 'आमच्या एजंटला खालील बाब समजत नाही.' संध्याकाळच्या आत उत्तर आलं. दिलगिरीसह. खाली दोन उदाहरणं.